रस्त्याकाठची वस्ती आणि वाहनांचा धूर : मोजणीपासून आदेशापर्यंत

गोवंडीतील शिवाजीनगर आणि बैंगनवाडी, पुढे मानखुर्द आणि मंडाळे. मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागातील या वस्त्यांना घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता लागून जातो, दक्षिणेला शीव-पनवेल महामार्ग आहे आणि पूर्व मुक्तमार्गावरून येणारी वाहनेही याच भागात उतरतात. १९२७ पासून चालत आलेली देवनारची कचराभूमी पाठीशी आहे, माहुल-चेंबूरचे तेलशुद्धीकरण कारखाने फार दूर नाहीत, आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात सर्वांत तळाला होता. अशा वस्तीला ‘झाडे लावा, सायकल चालवा’ एवढाच उपदेश करणे अन्यायाचे आहे, कारण इथल्या बहुसंख्य घरांकडे मोटार नाहीच आणि माणसे आधीपासून पायी, बसने किंवा हार्बरच्या लोकलने फिरतात. धूर बाहेरून येतो आणि श्वास इथले लोक घेतात. म्हणून पुढील टप्पे रहिवाशांच्या सवयी बदलण्यापेक्षा वाहनांचे मार्ग, वेळा आणि अवस्था बदलून घेण्यावर अधिक भर देतात. कार्यालयांची नावे बदलून पुण्यातील हडपसर किंवा ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगतच्या वस्त्यांनाही ते वापरता येतील.

धूर कुठवर पोचतो

वाहनांच्या प्रदूषणाचे तीन भाग वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आणि जबाबदार कार्यालयही वेगळे आहे. पहिला भाग नळकांड्यातून निघणाऱ्या धुराचा : काजळी, अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड. दुसरा ब्रेक आणि टायर झिजून निघणाऱ्या कणांचा, जो विजेवरच्या वाहनांमुळेही पूर्णपणे थांबत नाही. तिसरा रस्त्यावर साचलेल्या मातीचा, जी प्रत्येक चाकाबरोबर पुन्हा हवेत उडते. काजळी आणि अतिसूक्ष्म कण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असतात आणि पहिल्या शंभर-दोनशे मीटरांत झपाट्याने कमी होतात. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांचे एकूण प्रमाण मात्र दूरवर जवळपास सारखेच राहते, कारण त्यात साऱ्या शहराचा वाटा मिसळलेला असतो. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सर्वाधिक बाधित मानला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, मोबाइलवर दिसणारा शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक ‘मध्यम’ असला तरी जोडरस्त्यालगतच्या पहिल्या दोन गल्ल्यांतील हवा तशीच असेल असे समजू नये. तो निर्देशांक बहुतेक प्रदूषकांसाठी चोवीस तासांच्या सरासरीवरून काढला जातो आणि केंद्रही अनेकदा रस्त्यापासून दूर असते. कार्यालयात अर्ज घेऊन गेल्यावर ‘आकडे तर ठीक आहेत’ असे उत्तर मिळाले, तर हा फरक शांतपणे आणि लेखी दाखवून द्यावा.

टप्पा पहिला : नकाशा आणि वाहनांची मोजणी

सुरुवात यंत्राने करू नये. एका मोठ्या कागदावर वस्तीचा नकाशा काढून त्यावर बालवाड्या, शाळा, दवाखाने, बसथांबे, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण राहतात त्या गल्ल्या (घरांची किंवा व्यक्तींची नावे न लिहिता), फेरीवाल्यांच्या जागा आणि वाहने इंजिन चालू ठेवून उभी राहतात ती ठिकाणे दाखवावीत. सिग्नल, उड्डाणपुलाचा चढ, पुलाखालचे ट्रेलर, गोदामांची दारे आणि वाशीच्या टोलनाक्याकडे सरकणारी रांग ही या भागातील नेहमीची ठिकाणे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, मालवाहू वाहनांना नाही. तेव्हा नाक्यावरच्या रांगेची पाहणी करताना ट्रक आणि ट्रेलर वेगळे मोजावेत.

मोजणीसाठी चार-पाच जणांचा गट पुरतो. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार निवडून सकाळी शाळा भरताना, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दहानंतर अशा वेळी प्रत्येकी पंधरा मिनिटे वाहने मोजावीत. ट्रेलर, डंपर, काँक्रीटचा मिक्सर, पाण्याचा किंवा तेलाचा टँकर, टेम्पो, बस, मोटार, रिक्षा आणि दुचाकी असे रकाने ठेवावेत. काळा धूर सोडणाऱ्या वाहनाची आणि ताडपत्री न टाकता माती वाहणाऱ्या डंपरची खूण वेगळी असावी. रात्रीची मोजणी कंटाळवाणी असते आणि ती टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. पण दिवसाच्या बंदीमुळे थांबलेली अवजड वाहने रात्रीच सुटतात, म्हणून तीच सर्वांत मोलाची ठरते. ही मोजणी कोणत्याही यंत्राशिवाय, फक्त वही आणि पेनाने होते, आणि वाहतूक पोलिसांपुढे तिचे वजन हवेच्या आकड्यांपेक्षा अधिक असते, कारण ती त्यांच्याच भाषेत बोलते.

टप्पा दुसरा : हवेची मोजणी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ सेवेवर जवळच्या केंद्राचे आकडे मिळतात. त्यांना पूरक म्हणून काही हजार रुपयांचे लेसर सेन्सर वापरता येतात, मात्र त्यांच्या मर्यादा आधी जाणून घ्याव्यात. हवेत बाष्प जास्त असले की ते कणांचे प्रमाण वाढवून दाखवतात, त्यामुळे पावसाळ्यातील किंवा दमट पहाटेच्या आकड्यांवर दावा उभारू नये. वस्तीत बसवण्यापूर्वी सेन्सर एक-दोन आठवडे सरकारी केंद्राजवळ ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. त्यानंतर एक सेन्सर रस्त्याकडेला आणि दुसरा दोनशे-तीनशे मीटर आत, दोन्ही साधारण माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, चूल आणि उदबत्तीपासून दूर बसवावेत. दोहोंतला फरक हीच आपली खरी नोंद.

वाहनांचा वाटा अधिक स्पष्ट दाखवायचा असेल तर नायट्रोजन डायऑक्साइड मोजावा. त्यासाठी विजेशिवाय चालणाऱ्या छोट्या शोषक नळ्या असतात. त्या दोन ते चार आठवडे टांगून ठेवल्यावर प्रयोगशाळेत तपासल्या जातात. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला सोबत घेतले तर हे काम खर्चिक राहत नाही आणि अहवालाला वजनही येते.

आकडे वाचताना दोन पट्ट्या हाताशी असाव्यात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी हेच आकडे ४० आणि ८० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक पातळ्या याहून बऱ्याच कडक आहेत : पीएम २.५ साठी वार्षिक ५ आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी वार्षिक १०. कायदेशीर अर्जात राष्ट्रीय मानक वापरावे, डॉक्टरांशी आणि पालकांशी बोलताना दुसरे सांगावे.

गोवंडीसारख्या ठिकाणी एक अडचण हमखास येते. वाहतुकीबद्दल तक्रार केली की कचराभूमीकडे बोट दाखवले जाते आणि कचराभूमीबद्दल केली की वाहतुकीकडे. ही टोलवाटोलवी थांबवायला वेळेची नोंद उपयोगी पडते. वाहनांचे प्रदूषण सकाळ-संध्याकाळच्या गर्दीबरोबर चढते आणि रविवारी उतरते; जळत्या कचऱ्याचा धूर घड्याळ पाहत नाही, तो वाऱ्याच्या दिशेबरोबर येतो आणि त्याचा वासही ओळखता येतो. तासागणिक आकडे, वाऱ्याची दिशा आणि वास अशा तीन नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की दोन्ही स्रोत बरेचसे वेगळे करता येतात.

टप्पा तिसरा : नेमके काय मागावे

‘प्रदूषण कमी करा’ ही मागणी कोणीही नाकारत नाही आणि कोणीही पूर्ण करत नाही. मागणी अशी असावी की जी एका अधिकाऱ्याला एका आदेशाने मान्य करता येईल.

सर्वाधिक परिणाम अवजड डिझेल वाहनांवरच्या निर्बंधाने होतो. एप्रिल २०२० पासून नवी वाहने भारत स्टेज सहाच्या निकषांवर आली आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर उतरली, ही मोठी सुधारणा आहे. पण रस्त्यावर धावणारे कित्येक डंपर आणि टँकर त्याआधीचे आहेत. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या गटात घातले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार विशिष्ट भागात किंवा रस्त्यावर वाहनांच्या वापरावर निर्बंध घालता येतात. त्याचा आधार घेऊन शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अमुक चौक ते अमुक चौक अवजड वाहनांना बंदी मागावी, सोबत मोजणीचा तक्ता जोडावा आणि पर्यायी मार्गही सुचवावा. तो मार्ग शेजारच्या दुसऱ्या गरीब वस्तीतून जात असेल तर आधी तिथल्या रहिवासी मंडळाशी बोलून संयुक्त अर्ज करावा, कारण एका वस्तीचा धूर दुसरीवर ढकलणारा आदेश टिकत नाही आणि टिकूही नये.

त्यानंतर उभ्या वाहनांचा प्रश्न घ्यावा. पुलाखाली आणि सेवारस्त्यावर रात्रभर उभे राहणारे ट्रेलर, गोदामाबाहेर इंजिन चालू ठेवून थांबलेले टेम्पो, शाळेच्या दारातील व्हॅन आणि पालकांच्या दुचाकी यांवर वाहनतळबंदीचे फलक आणि ठरावीक वेळेची कारवाई मागता येते. शाळेच्या दाराचा प्रश्न तर शाळा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावाने सुटू शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पालकांचे बहुमत असते. मुलांना सोडण्याची जागा पन्नास-शंभर पावले आत, मागच्या गल्लीत नेली तरी फाटकाजवळची गर्दी मोडते.

धुळीचे काम महापालिकेचे. रस्ता कोरड्या खराट्याने झाडला की सकाळी आठ वाजता सगळी माती मुलांच्या नाकात जाते. यांत्रिक झाडणी किंवा आधी पाणी शिंपडून केलेली झाडणी मागावी आणि तिचे वेळापत्रक लेखी घ्यावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पत्र्यांचे उंच कुंपण, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुणे आणि माल झाकून नेणे यांचा समावेश आहे. नियम तयारच आहेत, म्हणून इथे नवी मागणी करायची नसून उल्लंघनाची तारीख, वेळ आणि छायाचित्र द्यायचे आहे.

पीयूसीबद्दल, म्हणजे वाहनाचे प्रदूषण मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राबद्दल, थोडे सावध राहावे. प्रमाणपत्राविना फिरणाऱ्या वाहनांवर कारवाई जरूर मागावी, परंतु ही तपासणी डिझेल वाहनाच्या धुराची घनता आणि पेट्रोल वाहनाचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन एवढेच पाहते. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूक्ष्म कणांचे वजन त्यात मोजलेच जात नाही. त्यामुळे केवळ पीयूसी शिबिरे भरवून समाधान मानणाऱ्या कार्यालयाला तिथेच थांबू देऊ नये.

झाडांची भिंत उपयोगी पडते, पण कशीही लावून नाही. जमिनीपासून शेंड्यापर्यंत दाट, सदाहरित आणि मध्ये फट नसलेली रांग रस्ता आणि वस्ती यांच्यामध्ये उभी राहिली तर धूर वर उचलला जातो. खाली मोकळी खोडे आणि वर पसरलेली छत्री असलेली झाडे अरुंद, उंच इमारतींच्या रस्त्यावर लावली तर उलट धूर खालीच कोंडला जातो. करंज मागे आणि जास्वंद-अडुळशाचे दाट कुंपण पुढे अशी मांडणी मुंबईच्या हवेत जगते. कण्हेर चिवट असली तरी विषारी आहे, म्हणून बालवाडीच्या कडेला नको. शाळेपुरती असेल तर साधी भक्कम भिंतही चालते.

धुके फवारणारी वाहने आणि हवा शुद्ध करणारे मनोरे यांच्यावर वस्तीने आपली शक्ती खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिल्लीत कनॉट प्लेसला २०२१ मध्ये उभारलेल्या मनोऱ्याचा परिणाम आसपासच्या थोड्या अंतरापुरताच दिसला. उघड्यावरची हवा गाळत बसण्यापेक्षा डंपरच्या चाकांची धुलाई कितीतरी स्वस्त पडते.

टप्पा चौथा : अर्ज कोणाकडे आणि कसा

अवजड वाहनांचे निर्बंध आणि अवैध वाहनतळ यांसाठी वाहतूक पोलीस. पीयूसी आणि योग्यता प्रमाणपत्रासाठी वडाळ्याचे प्रादेशिक परिवहन कार्यालय. झाडणी, बांधकाम, पदपथ आणि झाडे यांसाठी एम-पूर्वचे सहायक आयुक्त. हवामापन केंद्रासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. बस आणि थांब्यांसाठी बेस्ट. एकाच अर्जात सगळे कोंबले तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. प्रत्येक कार्यालयासाठी एक पान आणि त्यात एकच मागणी ठेवावी, पोच घ्यावी आणि पोचेची प्रत वस्तीच्या रहिवासी मंडळाच्या फाइलला लावावी. खराब रस्ता किंवा राडारोडा यासारख्या रोजच्या तक्रारी १९१६ या महापालिकेच्या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. ‘प्रदूषण रोखण्यासाठी काय केले’ असे विचारू नये. त्याला एका ओळीचे उत्तर मिळते. अमुक चौकात अमुक तीन महिन्यांत पीयूसी नसल्याबद्दल किती ई-चलान निघाली, यांत्रिक झाडणीच्या वाहनाची त्या रस्त्यावरील नोंदवही, अमुक बांधकामाला दिलेल्या नोटिसांच्या प्रती, आणि राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम व पंधराव्या वित्त आयोगाकडून हवेसाठी आलेल्या निधीतून या विभागात झालेला खर्च, असे नोंदीवर बोट ठेवणारे प्रश्न विचारावेत.

न्यायालयाची वाट शेवटची असली तरी मुंबईत ती नवी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती तसेच कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तिथे जाताना वरच्या सर्व पोचा आणि तक्ते हाच पुरावा असतो.

एक सूचना इथेच द्यावीशी वाटते. ‘रस्ता मोकळा करा’ ही मागणी फार सहज फेरीवाले हटवण्याकडे वळवली जाते. दिवसाचे दहा-बारा तास धुरात उभे राहणारे तेच आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा आधार घेऊन त्यांना आतल्या बाजूची जागा मागावी आणि त्यांच्या प्रतिनिधीला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे.

टप्पा पाचवा : तोवर फुप्फुसे कशी सांभाळावीत

आदेश निघायला महिने लागतात, श्वास रोज घ्यावा लागतो. वाहनांच्या धुराने दमा बळावतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, अपुऱ्या वजनाची बाळे जन्मण्याचा संबंधही दिसतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील दीर्घ अभ्यासात महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ मंद आढळली. म्हणून मुले, गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ आणि आधीच आजारी माणसे यांच्यापासून सुरुवात करावी.

खिडक्यांबाबतचा नेहमीचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. धूर टाळण्यासाठी दारे-खिडक्या बंद ठेवा असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या दाटीच्या पुनर्वसन इमारतींत प्रकाश आणि वारा अपुरा असल्याने क्षयरोग पसरतो, हे तिथल्या पाहणीतून पुढे आले आहे. खिडकी कायमची लावून घेणे म्हणजे धुरापासून पळून क्षयाच्या तावडीत जाणे. योग्य मार्ग मधला आहे : रस्त्याकडची खिडकी केवळ गर्दीच्या तासांत लावावी, मागची बाजू उघडी ठेवावी, दुपारी वारा सुटल्यावर सगळे उघडावे आणि घरात खोकला लांबलेला रुग्ण असेल तर खिडकी कधीच पूर्ण बंद करू नये. घरातला धूरही याच हिशेबात धरावा. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी वापरावी आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

सकाळची हवा शुद्ध असते ही समजूत मुंबईच्या हिवाळ्यात खोटी ठरते. रात्री थंड झालेली हवा जमिनीलगत कोंडून राहते, त्यात सकाळची वाहतूक मिसळते, आणि दुपारी समुद्राकडून वारा आल्यावरच ती हलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चालणे, पळणे आणि शाळेचा कवायतीचा तास शक्यतो दुपारनंतर ठेवावा. परिपाठ रस्त्याकडच्या मैदानाऐवजी मागच्या बाजूला घ्यावा आणि सर्वांत लहान वर्ग रस्त्यापासून दूरच्या खोल्यांत बसवावा. शाळेत किंवा बाजारात जाताना मुख्य रस्ता सोडून एक गल्ली आतून गेल्यानेही अंगावर येणारा धूर घटतो.

ओढणी किंवा रुमालातून सूक्ष्म कण सहज आत जातात. एन-९५ मुखपट्टी डोक्यामागून दोन पट्ट्यांनी घट्ट बसली तर कण अडवते, वायू अडवत नाही. वाहतूक पोलीस, रिक्षाचालक आणि विक्रेते यांना तिचा खरा उपयोग आहे. लहान मुलांच्या चेहऱ्यावर ती नीट बसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेळ आणि रस्ता बदलणे बरे. बारीक कण गाळणाऱ्या एचईपीए फिल्टरचे यंत्र घेण्याची ऐपत असेल तर ते घरोघरी वाटण्यापेक्षा बालवाडीच्या एका खोलीत ठेवावे.

दम्याच्या बाबतीत सर्वांत मोठा अडथळा ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीचा आहे. श्वासावाटे घेतलेले औषध गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत थेट फुप्फुसात जाते. ते मध्येच सोडल्यानेच रात्री रुग्णालय गाठावे लागते. मुलांना पंप नेहमी स्पेसरसह, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळीसह, द्यावा. महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ किंवा शताब्दी रुग्णालयातून उपचाराची लेखी योजना घ्यावी आणि पीक-फ्लो मीटरने सकाळ-संध्याकाळ फुंकर मोजून वहीत लिहावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तो धुराचाच असे गृहीत न धरता थुंकी तपासून घ्यावी.

रुग्णालयाचे प्रत्येक कागदपत्र तारखेसह जपावे. लंडनमध्ये साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने दगावली. तिच्या रुग्णालयातील नोंदी आणि जवळच्या हवामापन केंद्रांचे आकडे एकत्र पाहिल्यावर २०२० मध्ये मृत्यू-चौकशीत हवेच्या प्रदूषणाचा कारणांत समावेश झाला. आईने आणि डॉक्टरांनी कागद सांभाळले नसते तर तो निष्कर्ष निघाला नसता.

टप्पा सहावा : आदेशानंतरची मोजणी

आदेश निघाल्यावर तीच माणसे, त्याच जागा, त्याच वेळा आणि त्याच रकान्यांनी पुन्हा वाहने मोजावीत. हवेची तुलना मात्र वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. पावसाने धुतलेली ऑगस्टची हवा जानेवारीशी ताडली तर काहीही न करताच यश मिळाल्यासारखे दिसते. निर्बंध नसलेल्या जवळच्या एका रस्त्यावरही सेन्सर ठेवावा, म्हणजे साऱ्या शहराची हवा बदलली की फक्त आपल्या रस्त्याची, हे कळेल. बंदीच्या वेळेत अवजड वाहने येतच असतील तर तारीख, वेळ आणि वाहनांची संख्या लिहून तो तक्ता मूळ आदेशाच्या प्रतीसह त्याच वाहतूक चौकीत द्यावा, आणि त्याचीही पोच घ्यावी.